विद्यमान सिनेटर आणि ख्यातनाम प्रतिस्पर्धी : केंटकी राज्यातील मॅकॉनेल–जड चर्चेचे विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेच्या सिनेट सभागृहात प्रत्येक घटक राज्याला, त्याची लोकसंख्या कितीही असो, दोन जागा असतात आणि सदस्याचा कार्यकाल सहा वर्षांचा असतो. भारतातील राज्यसभेचे बहुसंख्य सदस्य विधानसभांच्या सदस्यांकडून निवडले जातात. सिनेटरची निवड मात्र १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपासून राज्यातील मतदार प्रत्यक्ष मतदानाने करतात. त्यामुळे दर सहा वर्षांनी सिनेटरला आपल्या कामाचा हिशेब संपूर्ण राज्यासमोर मांडावा लागतो. अशा वेळी एखादा नट, खेळाडू किंवा दूरदर्शनवरील कलावंत विरोधात उभा राहण्याची शक्यता दिसू लागली, की विद्यमान सिनेटर पुन्हा निवडून येईल काय, या प्रश्नावर मोठी चर्चा सुरू होते.

२०१२ च्या अखेरीपासून मार्च २०१३ पर्यंत केंटकी राज्यात अशीच चर्चा झाली. एका बाजूला सिनेटमधील रिपब्लिकन पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल होते, तर दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाच्या संभाव्य उमेदवार म्हणून चित्रपट अभिनेत्री अ‍ॅश्ली जड यांचे नाव घेतले जात होते. ही लढत प्रत्यक्षात झाली नाही. तरीही प्रसिद्धीचे मतांत रूपांतर कोणत्या मर्यादेपर्यंत होऊ शकते, हे समजून घेण्यासाठी ती चर्चा उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात या चर्चेतील दोन्ही बाजूंचे मुद्दे, अन्य राज्यांतील अनुभव आणि पुढील निकाल यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

लढतीची पार्श्वभूमी

मॅकॉनेल १९८४ मध्ये प्रथम सिनेटवर निवडून आले. त्यापूर्वी ते लुईव्हिल शहर ज्या जेफरसन परगण्यात येते, त्या परगण्याचे निर्वाचित प्रमुख होते. राज्यभर त्यांची फारशी ओळख नव्हती. त्यांनी विद्यमान डेमोक्रॅटिक सिनेटर वॉल्टर हडलस्टन यांचा सुमारे पाच हजार मतांनी पराभव केला. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची लाट होती, हे खरेच आहे. परंतु मॅकॉनेल यांची एक दूरदर्शन जाहिरातही विशेष गाजली. मतदानाच्या वेळी सभागृहात नसलेल्या हडलस्टन यांना शिकारी कुत्री माग काढत शोधत आहेत, असे तिचे स्वरूप होते. ‘तुमचा सिनेटर कोठे आहे?’ एवढाच प्रश्न त्या जाहिरातीने मतदारांपुढे ठेवला. विद्यमान सदस्याला हरवायचे असेल, तर निवडणूक त्याच्याच कामगिरीवर केंद्रित ठेवावी लागते, हे सूत्र मॅकॉनेल यांनी आपल्या पहिल्याच विजयात वापरले होते.

२०१२ मध्ये तेच सूत्र त्यांच्याविरुद्ध वापरण्याची संधी विरोधकांना दिसू लागली. डिसेंबर २०१२ मध्ये पब्लिक पॉलिसी पोलिंग या संस्थेच्या पाहणीत मॅकॉनेल यांच्या कामाबद्दल ३७ टक्के मतदारांनी समाधान, तर ५५ टक्के मतदारांनी असमाधान व्यक्त केले. त्याच पाहणीत मॅकॉनेल यांना ४७ टक्के आणि जड यांना ४३ टक्के पसंती मिळाली. एकही निवडणूक न लढवलेली अभिनेत्री पाच वेळा निवडून आलेल्या नेत्याच्या इतकी जवळ पोहोचली, ही गोष्ट चर्चेला कारणीभूत झाली.

जड यांच्या बाजूचे मुद्दे

जड यांच्या समर्थकांचे मुद्दे पुढीलप्रमाणे होते. पहिला मुद्दा ओळखीचा होता. नवख्या उमेदवाराला आपले नाव घराघरांत पोहोचविण्यासाठी लाखो डॉलर खर्च करावे लागतात. ‘हीट’, ‘किस द गर्ल्स’, ‘डबल जेपर्डी’ यांसारख्या चित्रपटांमुळे जड यांचे नाव आधीच परिचित होते. दुसरा मुद्दा निधीचा होता. मॅकॉनेल हे राष्ट्रीय पातळीवरील नेते असल्याने त्यांच्या विरोधात देशभरातून देणग्या मिळतील, अशी अपेक्षा होती. तिसरा मुद्दा योग्यतेचा होता. जड यांनी केंटकी विद्यापीठात शिक्षण घेतले होते व २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी मिळवली होती. केवळ चेहरा म्हणून त्यांची संभावना करणे योग्य नव्हते. चौथा मुद्दा राज्याच्या राजकीय रचनेचा होता. त्या काळी केंटकीत नोंदणीकृत डेमोक्रॅटिक मतदारांची संख्या रिपब्लिकन मतदारांपेक्षा अधिक होती आणि राज्यपाल स्टीव्ह बेशीअर हेही डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. लुईव्हिलचे काँग्रेस सदस्य जॉन यार्मथ यांनी जड यांच्या उमेदवारीस उघड प्रोत्साहन दिले होते.

विरोधातील मुद्दे

या बाजूचा विचार करताना प्रथम कोळशाचा उल्लेख करावा लागतो. पूर्व केंटकीच्या डोंगराळ भागात कोळसा हा केवळ उद्योग नव्हता, तर अनेक पिढ्यांच्या जगण्याचा आधार होता. सुरुंग लावून डोंगरांचे माथे उडवायचे व उघड्या पडलेल्या थरांतून कोळसा काढायचा, या पद्धतीस जड यांचा तीव्र विरोध होता. २०१० मध्ये वॉशिंग्टन येथील नॅशनल प्रेस क्लबमधील भाषणात त्यांनी तो सविस्तर मांडला होता. ओढ्यांचे व दऱ्यांचे होणारे नुकसान पाहता त्यांच्या भूमिकेत तथ्य होते. तथापि खाणी बंद पडत असताना आणि रोजगार घटत असताना हीच भूमिका मतदाराला आपल्या चुलीवरचा घाला वाटण्याची शक्यता होती.

दुसरा मुद्दा राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या लोकप्रियतेचा होता. २०१२ मध्ये त्यांना केंटकीत ३७.८ टक्के मते मिळाली, तर मिट रॉम्नी यांना ६०.५ टक्के. जड यांनी ओबामा यांचा जाहीर प्रचार केला होता. तिसरा मुद्दा वास्तव्याचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सिनेटर निवडून येतेवेळी त्या राज्याचा रहिवासी असणे पुरेसे असते. जड यांचे घर शेजारच्या टेनेसी राज्यात होते आणि २०१२ च्या पक्ष अधिवेशनात त्या टेनेसीच्या प्रतिनिधी होत्या. कायद्याने ही अडचण दूर करता आली असती, परंतु मतदाराच्या मनातील परकेपणा केवळ पत्ता बदलून जात नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकन क्रॉसरोड्स या रिपब्लिकन बाजूच्या प्रचारसंस्थेने नेमक्या याच मुद्द्यावर जड यांची खिल्ली उडवणारी चित्रफीत प्रसारित केली. उमेदवारी जाहीर होण्यापूर्वीच प्रचार सुरू झाला होता.

चौथी चिंता खुद्द डेमोक्रॅटिक पक्षातील होती. राज्याच्या प्रतिनिधीगृहात त्या वेळी पक्षाचे बहुमत होते. यादीच्या शिरोभागी जड यांचे नाव असल्यास ग्रामीण भागातील स्थानिक उमेदवारांना त्याची किंमत मोजावी लागेल, अशी भीती पक्षातील परंपरावादी गटाला वाटत होती.

कामाचा हिशेब की प्रतिस्पर्ध्याची परीक्षा

वरील मुद्द्यांची केवळ बेरीज-वजाबाकी केल्यास प्रश्नाचे मर्म हाती लागत नाही. विद्यमान सदस्याची निवडणूक दोन प्रकारे घडू शकते. पहिल्या प्रकारात ती त्याच्या कामावरील सार्वमत ठरते. दुसऱ्या प्रकारात मतदार दोन व्यक्तींची तुलना करतो. ज्याच्या कामावर ५५ टक्के लोक असमाधानी आहेत, त्याच्यासाठी पहिला प्रकार घातक आणि दुसरा प्रकार हितकारक असतो. ख्यातनाम प्रतिस्पर्धी पुढे आला की निवडणूक आपोआप दुसऱ्या प्रकाराकडे झुकते. वृत्तपत्रे त्याच्याविषयी लिहितात. त्याची जुनी भाषणे, मुलाखती व आत्मकथन सर्वांना उपलब्ध असतात. सामान्य उमेदवाराच्या विरोधात साहित्य शोधावे लागते, तर प्रसिद्ध व्यक्तीने ते वर्षानुवर्षे स्वतःच पुरविलेले असते.

याचा प्रत्यय लवकरच आला. २ फेब्रुवारी २०१३ रोजी लुईव्हिल येथे मॅकॉनेल यांच्या प्रचारसहकाऱ्यांची बैठक झाली. तिचे गुप्त ध्वनिमुद्रण ‘मदर जोन्स’ या नियतकालिकाने एप्रिलमध्ये प्रसिद्ध केले. जड यांची पूर्वीची वक्तव्ये, धर्मविषयक विचार आणि त्यांनी स्वतःच्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितलेला नैराश्याचा आजार यांचा प्रचारात उपयोग करण्याविषयी त्या बैठकीत चर्चा झाली होती. आजाराविषयी प्रामाणिकपणे बोलणे हा नागरिकाचा गुण मानला, तरी उमेदवाराच्या बाबतीत त्याचे शस्त्र होऊ शकते, हे यातून स्पष्ट होते. ध्वनिमुद्रण प्रकाशात येण्यापूर्वीच, २७ मार्च २०१३ रोजी, कौटुंबिक कारण देऊन जड यांनी निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले होते.

अन्य राज्यांतील अनुभव

ख्यातनाम व्यक्ती विद्यमान सिनेटरला हरवूच शकत नाही, असा याचा अर्थ नाही. २००८ मध्ये मिनेसोटा राज्यात विनोदी कलावंत व लेखक अल फ्रँकन यांनी विद्यमान सिनेटर नॉर्म कोलमन यांचा पराभव केला. कोलमन यांना हा अनुभव नवा नव्हता; १९९८ मध्ये राज्यपालपदाच्या निवडणुकीत ते कुस्तीपटू जेसी व्हेंचुरा यांच्याकडून पराभूत झाले होते. फ्रँकन यांचे बालपण मिनेसोटात गेले होते. निवडणुकीच्या सुमारे तीन वर्षे आधी ते तेथे पुन्हा राहावयास आले आणि राज्यभर पक्षकार्यात सहभागी झाले. शिवाय ओबामा यांनी ते राज्य सुमारे १० टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. एवढी अनुकूलता असूनही तिरंगी लढतीत फ्रँकन यांना सुमारे ४२ टक्केच मते पडली. सुमारे २९ लाख मतांतून त्यांचे मताधिक्य अवघे ३१२ ठरले आणि फेरमोजणी व न्यायालयीन वादानंतर जुलै २००९ मध्ये त्यांना शपथ घेता आली.

जॉर्जिया राज्यातील २०२२ चा निकाल याहून बोलका आहे. विद्यापीठीय फुटबॉलमध्ये दंतकथा बनलेले हर्शेल वॉकर हे विद्यमान सिनेटर राफाएल वॉर्नॉक यांच्याविरुद्ध रिपब्लिकन उमेदवार होते. वॉकर यांचेही वास्तव्य दीर्घकाळ टेक्सासमध्ये होते. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी रिपब्लिकन राज्यपाल ब्रायन केम्प यांना सुमारे ५३ टक्के मते दिली. वॉकर यांना मात्र ४८.५ टक्के मिळाली. ६ डिसेंबरच्या दुसऱ्या फेरीत वॉर्नॉक ५१.४ टक्के मतांनी विजयी झाले. पक्षाची जी मते केम्प यांना मिळाली, त्यांतील काही मते प्रसिद्धी असूनही वॉकर यांना मिळाली नाहीत.

केंटकीतही प्रसिद्धीतून राजकारणात आलेल्या सिनेटरचे उदाहरण आहे. बेसबॉलपटू जिम बनिंग १९९९ ते २०११ या काळात सिनेटर होते. परंतु त्यांची सुरुवात १९७७ मध्ये नगरपरिषदेपासून झाली. पुढे राज्याची सिनेट आणि नंतर काँग्रेसचे प्रतिनिधीगृह अशा पायऱ्या चढत ते वर गेले. मैदानावरील कीर्तीला त्यांनी दोन दशकांच्या सार्वजनिक कामाची जोड दिली होती.

२०१४ चा निकाल आणि पुढील काळ

जड यांच्या माघारीनंतर राज्याच्या सचिव अ‍ॅलिसन लंडरगन ग्राइम्स यांनी निवडणूक लढविली. त्या राज्यातच वाढलेल्या, राज्यव्यापी निवडणूक जिंकलेल्या आणि वादांपासून दूर असलेल्या उमेदवार होत्या. तरीही २०१४ मध्ये मॅकॉनेल यांना ५६.२ टक्के आणि ग्राइम्स यांना ४०.७ टक्के मते पडली. प्रचारात आपण ओबामा यांना मत दिले होते काय, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे ग्राइम्स यांनी टाळले, यावरून त्यांची कोंडी लक्षात येते. २०२० मध्ये माजी लढाऊ वैमानिक एमी मॅकग्राथ यांनी ९ कोटी डॉलरहून अधिक निधी उभारला, परंतु त्यांना ३८.२ टक्के मते मिळाली.

म्हणजे उमेदवार बदलले, निधी बदलला, तरी पक्षाची मते ३८ ते ४१ टक्क्यांच्या मर्यादेतच राहिली. याच केंटकीने २०१९ व २०२३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अँडी बेशीअर यांना राज्यपाल म्हणून निवडले, ही बाब येथे महत्त्वाची आहे. राज्यपाल निवडताना मतदार व्यक्ती व स्थानिक कारभार पाहतो. सिनेटर निवडताना देशाच्या सिनेटमध्ये कोणत्या पक्षाचे बहुमत असावे, याचाही निर्णय देतो. मॅकॉनेल यांनी जानेवारी २०२५ मध्ये पक्षनेतेपद सोडले आणि त्याच वर्षी २०२६ ची निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले. चार दशकांत मतदारांनी त्यांना एकदाही पराभूत केले नाही.

निष्कर्ष

१. प्रसिद्धी उमेदवाराला ओळख व निधी मिळवून देते. विश्वास मिळवून देत नाही. विश्वासासाठी राज्यातील वास्तव्य व दीर्घकाळाचे काम आवश्यक असते, हे फ्रँकन व बनिंग यांच्या उदाहरणांवरून दिसून येते.

२. राज्याचा पक्षीय कल हा निर्णायक घटक होय. केंटकीतील आकडे पाहता जड निवडणुकीस उभ्या राहिल्या असत्या, तरी मॅकॉनेल यांच्या विजयाची शक्यताच अधिक होती.

३. विद्यमान सिनेटर लोकांना नापसंत असला, तरी प्रतिस्पर्ध्याविषयीचे कुतूहल त्याच्या कामाच्या चर्चेला झाकून टाकू शकते. ख्यातनाम उमेदवार निवडताना पक्षाने हा धोका विचारात घेतला पाहिजे.

४. या सर्वांत खरे नुकसान मतदाराचे होते. डोंगरांचे, ओढ्यांचे व खाणकामगारांच्या रोजगाराचे काय करावे, हा पूर्व केंटकीचा जिव्हाळ्याचा प्रश्न होता. २०१३ च्या त्या तीन महिन्यांत चर्चा मात्र अभिनेत्रीचे घर कोणत्या राज्यात आहे, यावरच अधिक झाली. सिनेटरला दर सहा वर्षांनी मतदारांसमोर उभे करण्यामागे कामाचा जाब घेण्याचा जो हेतू आहे, तो अशा वेळी सफल होत नाही.