धर्मादायाचा धनी कोण?

लातूरच्या आडत बाजारात तुरीचे व सोयाबीनचे, आणि नांदेडच्या पेठेत हळदीचे व कापसाचे व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस ‘धर्मादाय’ हा शब्द नवा नाही. जुन्या चालीच्या पेढीवर जमाखर्चाच्या वहीत हे एक निराळे खाते असते. बिलाच्या शेवटी चार पैसे या नावाने लावावयाचे, गिऱ्हाइकाने ते कुरकुर न करता द्यावयाचे, आणि जमलेली रक्कम मालकाने आपल्या मनास येईल त्या सत्कार्यास लावावयाची, असा हा पूर्वापार परिपाठ आहे. या चार पैशांचा खरा धनी कोण, हा प्रश्न बाजारात कोणी कोणास विचारीत नाही. न्यायालयात मात्र तो विचारला गेला आहे, व त्याचे उत्तरही मिळाले आहे.

उत्तरेकडील हाथरस गावची बिजली कॉटन मिल्स ही गिरणी आपला माल विकताना गिऱ्हाइकाकडून ‘धर्मादा’ म्हणून थोडी रक्कम निराळी घेत असे. आयकर खात्याचे म्हणणे असे पडले की, पैसा गिरणीच्या हाती आला त्या अर्थी तो गिरणीचे उत्पन्नच होय, व त्यावर कर बसलाच पाहिजे. तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७९ साली न्यायालयाने निकाल दिला की, ही रक्कम गिऱ्हाइकाने दिली त्या क्षणापासूनच धर्मकृत्याच्या बंधनाने बांधलेली असते. ती व्यापाऱ्याच्या हातून जाते एवढेच, त्याची होत नाही. सबब ती त्याचे उत्पन्न नव्हे. व्यापारी वर्गास हा निकाल गोड लागला असल्यास नवल नाही. परंतु हे शस्त्र दुधारी आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले. जो पैसा कर देण्याच्या वेळी आपला नव्हे, तो वाटण्याच्या वेळी आपला कसा होतो? तो आपला नसेल, तर आपल्या मर्जीने, आपल्या नावाच्या पाटीसाठी, किंवा आपल्या व्याह्याच्या संस्थेस तो देण्याचा अधिकार आपणांस कोठून आला?

आमच्या मते हा प्रश्न एकट्या व्यापाऱ्यांचा नाही. गणपतीची वर्गणी, दुष्काळाचा फंड, पूरग्रस्तांची मदत, शाळेच्या इमारतीची देणगी, या सर्वांस तो सारखाच लागू आहे. दिलेला पैसा देणाऱ्याचा उरत नाही. घेणाऱ्याचाही होत नाही. ज्या कार्यासाठी तो दिला त्या कार्याचा तो होतो. विश्वस्त कायद्याचे सारे तत्त्व या एका वाक्यात आले आहे. मुंबईचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा मराठवाड्यास मागाहून लागू झाला, आणि आज नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी धर्मादाय कार्यालये आहेत. नोंदलेल्या संस्थांना तेथे दरसाल हिशेब दाखल करावे लागतात. पण कचेरीच्या कपाटात पडलेला हिशेब आणि लोकांच्या नजरेखालून गेलेला हिशेब यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

आमचे लोक देण्यात कृपण आहेत, असे कोणी म्हणेल तर तो इतिहास विसरला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा पैसा मागून जमविलेल्या पैसा फंडातून तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडास देशाने एक कोटी रुपये दिले. त्याच साली, निजामी अमलात शाळा काढावयाची म्हणजे सरकारची वक्रदृष्टी ओढवून घ्यावयाची अशी स्थिती असता, हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली व लोकाश्रयावर चालली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी मराठवाड्यातील आपले कार्य तेथेच शिक्षक म्हणून सुरू केले. आणि नांदेडकरांस तर दानाचा धडा घेण्यास गावाबाहेर जावयास नको. हुजूर साहिबच्या लंगरात कोणी कोणास जात विचारीत नाही. शीख बांधव आपल्या मिळकतीचा दसवंध, म्हणजे दहावा हिस्सा, धर्मकार्यास काढतात. आणि पंगतीत बसलेल्या माणसास आपल्या ताटातील पोळी कोणाच्या पैशाची, हे कधीच कळत नाही. देणाऱ्याचे नाव झाकलेले आणि कामाचा चुलखंड मात्र सर्वांसमोर उघडा, यापेक्षा धर्मादायाची उत्तम व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा उणीव दानतीची नाही. उणीव आहे ती निवडीची व सातत्याची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मदतीचा ओघ चहूकडून आला. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली, ही गोष्ट आजही कृतज्ञतेने सांगितली जाते. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली व पुष्कळ गावे देणगीदारांनी दत्तक घेतली. पण जेथे घराचा नकाशा घरात राहणारास न विचारता आखला गेला, तेथे कडबा कोठे रचावा, बैल कोठे बांधावे, अवजारे कोठे ठेवावी, असा प्रश्न नव्या पक्क्या घरापुढे उभा राहिला. उलट, जी दीड लाखांहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त व मजबूत करावयाची होती, तेथे घरमालकाने स्वतः काम करून घ्यावे अशी योजना झाली, आणि गावोगावच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ नेमून लोकांचे म्हणणे वर पोहोचविण्यात आले. पैसा दोन्हीकडे होता; फरक होता तो कोणास विचारून तो खर्चला याचा.

दुसरे उदाहरण २०१६ सालचे. त्या वर्षी एप्रिलात मिरजेहून पाण्याच्या दहा टाक्यांची आगगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली, आणि एका भरभराटीच्या व्यापारी शहराची तहान साऱ्या देशाने पाहिली. त्या मानहानीने लातूरकर जागे झाले. डॉक्टर अशोक कुकडे यांच्यासारख्या वडीलधाऱ्या मंडळींनी पुढाकार घेतला. व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक यांनी वर्गणी काढली. आणि मांजरा नदीचे साई ते नागझरी असे सुमारे अठरा किलोमीटरचे पात्र लोकांच्या पैशाने खोल व रुंद करण्याचे काम हाती घेण्यात आले. सरकारी हुकुमाची वाट न पाहता एका शहराने आपल्या नदीसाठी कोट्यवधी रुपये उभे करावे, हे आमच्या प्रांतात लहानसहान कर्तृत्व नव्हे. पण तहान लागल्यावर विहीर खणण्याचा आमचा जुना स्वभाव यातही दिसतोच. संकट आले म्हणजे फंड. संकट सरले म्हणजे फंडाची पेटी बंद. २०२५ च्या पावसाळ्यात मुखेड तालुक्यात आणि एकंदर मराठवाड्यात पुराने हाहाकार उडविला, तेव्हा पुनश्च नव्या समित्या, नवी पावतीपुस्तके आणि जुन्या कपड्यांचे नवे ढीग दिसले.

या रीतीने दोन अनर्थ होतात. पहिला हा की, ज्या कामाचे छायाचित्र चांगले निघते त्यास पैसा मिळतो, आणि ज्याचे निघत नाही ते उपाशी राहते. इमारतीस देणगीदार आहे, कारण कोनशिलेवर नाव येते. तीच इमारत झाडणारी बाई, तेथील रात्रशाळेचा शिक्षक, औषधांची पेटी घेऊन वाडीवस्तीवर फिरणारी परिचारिका, यांच्या पगारास देणगीदार नाही. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांची मुले सहा महिने गावात कोणाच्या आधाराने राहतात? ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीने जी हजारो मुले येथे शिकावयास येतात, त्यांतील गरिबाच्या मुलाने दोन वेळा जेवावे कोठे? शेतकऱ्याने जीव दिल्यावर त्याच्या विधवेच्या हाती पहिले काही हजार रुपये पडतात. २०१५ साली नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांच्या ‘नाम’ने तसे काम केलेही. पण पुढील दहा वर्षे तिच्या मुलीच्या शिक्षणाची जोखीम कोणी घ्यावी? दुसरा अनर्थ हा की, पैसा ओळखीच्या मागे जातो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे पाच कोटींचा नफा मिळविणाऱ्या, किंवा ठराविक मोठ्या आकाराच्या, कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यास द्यावे लागतात, आणि त्यात कंपनीने आपल्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे असे सांगितले आहे. कारखाने मुंबई-पुण्याकडे, तेव्हा आसपासचा भाग म्हणजे किनवट, माहूर, जळकोट किंवा देवणी नव्हे, हे सांगावयास ज्योतिषी नको.

यावर उपाय काय? अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी फ्रेडरिक गॉफ नावाचे गृहस्थ होते. पेशाने वकील, पुढे एका मोठ्या पेढीचे प्रमुख. मृत धनिकांच्या इच्छापत्रांत अडकून पडलेला पैसा त्यांनी पुष्कळ पाहिला होता. ज्या कामासाठी तो ठेवला ते काम उरले नाही, आणि दुसऱ्या कामास तो लावता येत नाही. त्यांनी १९१४ साली अशी व्यवस्था बांधली की, शहरातील लहानमोठ्या देणगीदारांचा पैसा एका निधीत जमावा, पेढीने तो सांभाळावा, आणि उत्पन्न कोणत्या स्थानिक संस्थेस द्यावे हे नागरिकांच्या एका समितीने ठरवावे. समितीतील काही सभासद पेढीने नेमावे, बाकीचे महापौर व न्यायाधीश यांनी. त्या नमुन्यावर पुढे जगभर अनेक शहरांत असे निधी उभे राहिले. यातील मर्म एकच: पैसा सांभाळणारा, पैसा देणारा आणि पैसा वाटणारा, ही तीन निरनिराळी माणसे असावी.

असा एकेक नागरिक निधी नांदेडास व लातुरास उभा राहावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्यास भांडवलाची चिंता नको. पेठेतील धर्मादाय खाती एकत्र आली तरी आरंभ होईल. नियम मात्र आरंभीच पक्के पाहिजेत. समितीच्या सभासदाचा ज्या संस्थेशी नात्याचा किंवा व्यवहाराचा संबंध असेल, त्या संस्थेच्या अर्जावेळी त्याने उठून जावे. मदत एका समारंभापुरती न देता निदान तीन वर्षांची द्यावी, आणि तीत पगार व भाडे यांचाही विचार व्हावा. तालुक्याच्या गावच्या लहान संस्थांसाठी ठराविक वाटा राखून ठेवावा. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांतील एकदोन माणसे, विशेषतः स्त्रिया, समितीत असाव्या. किल्लारीने शिकविलेला धडा तरी फुकट जाऊ नये. ज्यांचे अर्ज नाकारले त्यांस कारण लेखी कळवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणास किती दिले व त्याचे काय झाले, याचा मराठी हिशेब दरसाल वर्तमानपत्रात छापावा व बाजाराच्या फळ्यावर लावावा.

आक्षेप येतील, ते आम्ही जाणतो. कोणी म्हणतील, नावाखेरीज कोण देतो? त्यांनी एकदा लंगरात जाऊन यावे. कोणी म्हणतील, असली समिती पुढाऱ्यांच्या व जातीपातीच्या हाती जाईल. जाईलही, पण ती भीती उघड्या समितीपेक्षा बंद तिजोरीस अधिक लागू आहे, कारण उघड्या समितीला नावे ठेवण्याची सोय तरी असते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: असा निधी झाला तर सरकार आपल्या जबाबदारीतून अंग काढून घेणार नाही काय? यास आमचे उत्तर स्पष्ट आहे. दवाखान्यात औषध, शाळेत शिक्षक आणि नळास पाणी हा कर भरणाऱ्या नागरिकाचा हक्क आहे, भिक्षा नव्हे. या निधीतील एक पैसाही सरकारची उणीव झाकण्यास जाऊ नये. उलट, जे नागरिक आपल्या निधीचा हिशेब चोख ठेवतील, त्यांसच नगरपालिकेस व मंत्र्यांस हिशेब विचारण्याचे नैतिक बळ येईल.

शेवटी आमच्याच भूमीतील एक आठवण देतो. ३० जानेवारी १९४८ रोजी, निजामाविरुद्धच्या लढ्यात स्वातंत्र्यसैनिकांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली व लाखो रुपये लढ्यासाठी नेले. धामधुमीचे दिवस, रक्कम लुटीची, विचारणारा कोणी नाही. तरीही त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे तो भारत सरकारपुढे मांडला गेला, असे मराठवाड्यात अद्यापि अभिमानाने सांगतात. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी लुटीच्या पैशाचाही हिशेब दिला, त्यांनी वर्गणीच्या पैशाचा हिशेब देण्यास का लाजावे? येत्या लक्ष्मीपूजनास नव्या वहीवर कुंकू लावताना आमच्या व्यापारी बंधूंनी धर्मादाय खात्याचे जुने पान एकवार उलटून पाहावे, आणि तेथे जमा असलेली रक्कम आपली नव्हे, एवढे मनाशी कबूल करावे. ज्याची ती आहे त्यास ती नियमाने व उजेडात पोहोचविणे, एवढेच काय ते मग शिल्लक राहते.