कायद्यातील ग्रंथालये आणि अंदाजपत्रकाची कात्री

बर्मिंगहॅमच्या नव्या ग्रंथालयाचे उद्घाटन ३ सप्टेंबर २०१३ रोजी मलाला युसुफझाईच्या हस्ते झाले. या वास्तूवर सुमारे १९ कोटी पौंड खर्च झाले होते. मात्र दोन वर्षे उलटण्याआधीच, २०१५ मध्ये, ती आठवड्यात ७३ तासांऐवजी ४० तासच उघडी राहू लागली. बांधण्यासाठी पैसा होता, दार उघडे ठेवण्यासाठी नव्हता. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये समान वेतनाच्या दाव्यांच्या देण्यांमुळे तेथील नगर परिषदेने अत्यावश्यक नसलेला नवा खर्च थांबविण्याची कायदेशीर नोटीस काढली आणि त्यानंतरच्या कपातीत शहरातील ग्रंथालयेही सापडली.

वस्तुतः इंग्लंड आणि वेल्समध्ये ग्रंथालय ही स्थानिक संस्थेच्या मर्जीवर सोडलेली बाब नाही. १९६४ च्या कायद्याने 'व्यापक व कार्यक्षम' ग्रंथालय सेवा देणे बंधनकारक केले आहे. मग कात्री चालते कशी? उत्तर याच दोन विशेषणांत आहे. किती शाखा, किती तास, किती पुस्तके, याचे मोजमाप कायद्यात नाही. याउलट वृद्धांची शुश्रूषा आणि निराधार मुलांचा सांभाळ ही अशी कर्तव्ये आहेत की, गरजू दारात आला की खर्च करावाच लागतो. २०१० नंतर केंद्राचे अनुदान आटत गेले आणि हा खर्च मात्र वाढत राहिला. दोहोंच्या चिमट्यात जे लवचिक होते, ते वाकले. बीबीसीने २०१६ मध्ये मिळविलेल्या माहितीनुसार, सहा वर्षांत ब्रिटनमधील ३४३ ग्रंथालये बंद झाली आणि सुमारे आठ हजार नोकऱ्या गेल्या.

कायदा अगदीच निरुपयोगी आहे, असे नव्हे. २००९ मध्ये विरल परिषदेने २४ पैकी ११ ग्रंथालये बंद करण्याचे ठरविले, तेव्हा सरकारने चौकशी नेमली आणि परिषदेला माघार घ्यावी लागली. २०११ मध्ये ग्लॉस्टरशायर व सॉमरसेट यांच्या कपातीचे निर्णय न्यायालयाने रद्द केले. पण त्याच वर्षी लंडनच्या ब्रेंट भागातील नागरिक हरले. बारांपैकी सहा ग्रंथालये बंद झाली. त्यांतले केन्सल राइजचे ग्रंथालय १९०० मध्ये मार्क ट्वेनने उघडले होते. मे २०१२ मध्ये तेथील पुस्तके भल्या पहाटे हलविण्यात आली. दिवसाढवळ्या ते करण्याचे धैर्य बहुधा कोणाला झाले नसावे.

अनेक ठिकाणी आता स्वयंसेवक ग्रंथालये चालवितात. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही, परंतु प्रशिक्षित ग्रंथपालाची जागा त्याने भरून निघत नाही. शिवाय फुकटचे मनुष्यबळ एकदा मिळाले की, पगाराची तरतूद अंदाजपत्रकात परत येणे कठीणच.

गंमत म्हणजे या सेवेचा उगम करातच आहे. १८५० च्या कायद्याने शहरांना ग्रंथालयासाठी मालमत्तेच्या मूल्यावर पौंडामागे अर्धा पेनी कर घेण्याची मुभा दिली. पण तो पैसा पुस्तकांवर खर्च करायचा नव्हता! मद्रासचे गणिताचे प्राध्यापक एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये ग्रंथालयशास्त्र शिकण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये जवळून पाहिली. त्यांच्या प्रयत्नांतून आलेल्या १९४८ च्या मद्रास कायद्यात मालमत्ता करासोबत ग्रंथालय कर घेण्याची तरतूद झाली.

महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात असा कर ठेवला नाही. येथील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये संस्था चालवितात आणि राज्याच्या अनुदानावर विसंबतात. महागाई वाढली आणि अनुदान तेवढेच राहिले, तर पुस्तकखरेदी आणि ग्रंथपालाचे वेतन दोन्ही आक्रसतात. या कपातीसाठी सभागृहात ठराव करावा लागत नाही. त्यामुळे तिच्याविरुद्ध न्यायालयात जाण्यासाठी नागरिकांच्या हाती कागदही येत नाही.