पॅरिसच्या दगडातील महाशंख
कॅम्पनिली जायगॅन्टियम ही समुद्री गोगलगायीची नामशेष प्रजाती सुमारे 4.5 कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे इओसीन कालखंडात, आजच्या पॅरिसच्या परिसरावर पसरलेल्या उथळ, उबदार समुद्रात राहत होती. 1804 मध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. तिचा निमुळता, मनोऱ्यासारखा शंख अर्ध्या मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही लांब वाढे आणि त्याच्या वेढ्यांवर बोथट गाठींची माळ असे.

हा शंख अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे तुलनेने लवकर विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचा, असल्याने पुष्कळ ठिकाणी तो नाहीसा झाला आणि त्याच्या पोकळीत साचून घट्ट झालेल्या गाळाचा पिळदार साचा तेवढा मागे उरला. हा साचा जाड आट्यांच्या स्क्रूसारखा दिसतो. म्हणूनच पॅरिस परिसरातील खाणकामगारांनी असे साचे सापडणाऱ्या चुनखडीच्या थराला स्क्रूवरूनच नाव दिले. याच चुनखडीच्या दगडांनी पॅरिसमधील अनेक जुन्या इमारती उभ्या राहिल्या.

या वंशातील एकमेव जिवंत प्रजाती, कॅम्पनिली सिम्बॉलिकम, आज नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत आढळते.