पथ्य पाळूनही न हटणारा रोग

दादरा-नगर हवेलीतील वारली आणि कोकणा यांचे जुने अन्न म्हणजे नागलीची भाकरी आणि भात. १९५४ साली येथील पोर्तुगीज अंमल संपला. पुढे कारखाने आले, त्यांच्यामागून उत्तरेकडील कामगारही आले. आता सिल्वासाच्या टोकरखाड्यासारख्या वस्तीत नागली आणि गहू शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा गव्हापासून उद्भवणाऱ्या सीलिॲक विकाराविषयी श्रोत्यांना चार गोष्टी सांगावयास हरकत नाही.

भारताच्या तीन विभागांत केलेली एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत उत्तरेस शंभरांत सुमारे एकाला हा विकार आढळला, तर दक्षिणेस हजारांत एकाला. आनुवंशिक अनुकूलता दोहोंकडे जवळजवळ सारखीच होती. फरक होता तो गव्हाचा. उत्तरेत माणशी रोजचा गहू ४५५ ग्रॅम, दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम.

गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते आणि ते पूर्णपणे पचत नाही. ज्यांच्या ठायी विशिष्ट अनुवंश आहे, अशांच्या लहान आतड्यातील टी-पेशी या न पचलेल्या तुकड्यांस शत्रू समजतात. त्या इशारा देतात, आणि आतड्याच्या अस्तरात पहाऱ्यास बसलेल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी अस्तरावरच तुटून पडतात. अन्नरस शोषून घेणारे रसांकुर झिजून सपाट होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होते, मुलांची वाढ खुंटते. या अनर्थाचे मूळ गव्हात आहे, हे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात दाखवून दिले. गहू व जव वर्ज्य केले, की बहुतेकांचे आतडे हळूहळू पूर्ववत होते.

परंतु काहींचे होत नाही. अशा वेळी घरची माणसे आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा रोग्यालाच बोल लावतात, की याने चोरून पोळी खाल्ली असणार! शंका अगदीच निराधार नसते, पण चोर बहुधा दुसराच निघतो. बाजारी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गिरणीवर गव्हामागून नागली दळली, तर जात्यात राहिलेला गहू नागलीच्या पिठात उतरतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन, म्हणजे एका पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग, तीन महिने पोटात गेला तरी आतड्यास इजा होते, असे प्रयोगाने आढळले आहे. म्हणून आधी हिंगाची डबी व गिरणी पाहावी, रोग्याचा प्रामाणिकपणा मागाहून.

हे सर्व निस्तरून, वर्षभर कडक पथ्य सांभाळूनही आतडे सपाटच राहिले, तर मात्र तो दुर्दम्य सीलिॲक विकार समजावा. तो विरळा आहे. अशा रोग्याच्या रक्तातील प्रतिपिंडे पुष्कळदा नाहीशी झालेली असतात; म्हणजे पथ्य पाळल्याची साक्ष त्याचे रक्तच देत असते. त्याचे दोन प्रकार करतात. पहिल्यात अस्तरातील पेशी ओळखीच्याच असतात, फक्त त्यांचा क्षोभ शमलेला नसतो. स्टिरॉइड जातीच्या औषधांनी बहुधा उतार पडतो.

दुसरा प्रकार खरा भयंकर. सामान्य टी-पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-३ नावाची खूण असते. येथील पेशींच्या पृष्ठभागावरून ती गेलेली असते आणि पेशीच्या आतच दडून राहते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या इतरांसारख्याच दिसतात. त्यांस हुडकावयास खास तपासण्या लागतात. पॅरिसच्या संशोधकांनी २०१६ साली दाखविले, की या पेशींच्या जॅक-१ आणि स्टॅट-३ या जनुकांत बदल घडलेले असतात. आतड्याचे अस्तर इंटरल्युकिन-१५ नावाचा जो उत्तेजक रस सोडते, त्यावर त्या पोसतात. जनुकांतील बदलामुळे थोडक्या उत्तेजनानेही त्या भराभर वाढतात. त्यांस आता गव्हाची चिथावणी लागत नाही. पथ्य निष्फळ होते ते यामुळे.

याच पेशींतून पुढे लसीका पेशींचा कर्करोग उद्भवू शकतो, आणि या प्रकारातील सुमारे निम्मेच रोगी पाच वर्षांपलीकडे जगतात. जॅक प्रथिनाचे कार्य रोखणारी औषधे आता वापरून पाहिली जात आहेत. त्यांचे यश अजून निर्विवाद नाही. पहिला प्रकार की दुसरा, याचा निर्णय आतड्याच्या तुकड्याच्या तपासणीवाचून होत नाही, आणि औषधाची सारी दिशा त्या निर्णयावर अवलंबून असते.