नाण्यावरचं हिरवं आणि नाण्यातलं विष

इटलीच्या सार्डिनिया बेटावर, आर्झाकेनाच्या किनाऱ्यालगत, एका पाणबुड्याला समुद्रगवतात धातूचं काहीतरी दिसलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्रालयाने जाहीर केलं: काशाची रोमन नाणी, इसवी सन ३२४ ते ३४० मधली, वजनावरून अंदाज तीस ते पन्नास हजार. वर काढलेल्यांपैकी खराब निघाली अवघी चार! पण अशा नाण्यांना खरा धोका ती पाण्याबाहेर आल्यावर सुरू होतो.

त्या काळातलं एक सर्रास सापडणारं नाणं घ्या. जेमतेम १८ मिलिमीटर. एका बाजूला सम्राट कॉन्स्टन्टाइन किंवा त्याचा एखादा मुलगा, दुसऱ्या बाजूला भालेवाले दोन सैनिक. त्यांच्यामध्ये दोन निशाणं असतील तर नाणं साधारण ३३० ते ३३५ मधलं. एकच असेल तर त्यानंतरचं, कारण पुढे नाणं हलकं आणि लहान झालं. काडीएवढ्या रेषेवरून काळ ठरतो! आणि जुन्या नाण्यात ही रेषा बहुतेकदा धातूत नसतेच. धातूचा वरचा थर गंजून गेलेला असतो आणि मूळ नक्षी त्या गंजाच्या घट्ट, गुळगुळीत हिरव्या-तपकिरी कवचात टिकलेली असते. लिंबू किंवा व्हिनेगर लावून नाणं लख्ख करणारा हौशी संग्राहक नेमकं तेच कवच उतरवतो. खाली उरतो तो गुलाबीसर, खड्डे पडलेला, निनावी तांब्याचा तुकडा.

सगळं हिरवं मात्र चांगलं नसतं. फिकट हिरवी, सुईच्या टोकाने सहज निघणारी भुकटी दिसली, तर तो ‘ब्राँझ डिसीज’. नाव रोगाचं असलं तरी जंतूंचा काही संबंध नाही; गुन्हेगार आहे क्लोरीन. खारी माती किंवा समुद्रातून तो धातूत शिरतो आणि तांब्याशी संयोग पावून कवचाखाली दबा धरून बसतो. हवा आणि ओल मिळाली की त्या क्लोराइडची हिरवी भुकटी होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. आम्ल नवं तांबं खातं, पुन्हा तेच क्लोराइड बनतं. सावकाराला व्याज देत राहावं आणि मुद्दल जसंच्या तसं उरावं, तसा हा फेरा.

हा फेरा १८९४ मध्येच मांडला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बर्थेलो यांनी. सेंद्रिय संश्लेषण आणि उष्मारसायनासाठी त्यांचं नाव सगळे घेतात. पुढच्याच वर्षी ते फ्रान्सचे परराष्ट्रमंत्रीही झाले. पण तांब्याच्या वस्तू जमिनीत आणि संग्रहालयात हळूहळू का झिजतात, यावरचं त्यांचं टिपण फारसं कुणाला ठाऊक नाही. माझ्या मते संग्रहालयांवर त्याचे उपकार मोठे आहेत.

उपाय आहेत: डिस्टिल्ड वॉटरमध्ये दीर्घकाळ भिजवून क्लोराइड काढणं आणि, १९६७ पासून रूढ झालेलं, बेंझोट्रायाझोल हे गंजरोधक. हे दुसरं रसायन घातक आहे, ते तज्ज्ञांच्याच हाती बरं. साधा इलाज म्हणजे कोरडेपणा: आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली असली की रोग जवळजवळ थांबतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे आपसूक होणार नाही. हवाबंद डबा हवा, त्यात सिलिका जेल हवं.

आणि नाण्यांचे अल्बम आजच तपासा. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतूनही कालांतराने हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. तशी पाकिटं टाकून द्या आणि पॉलिएस्टरची घ्या.