एकाच वळणाची दारे

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा मी परंड्यात होतो आणि धाकटी बहीण नदीपलीकडे माढा तालुक्यात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात. रात्री तिचा फोन आला, "दादा, ओसरीत पाणी आलंय. कुणाला सांगू?"

मी निवृत्त शिक्षक. संगणक शिकलो तो साठीनंतर. धाराशिव जिल्ह्याचे संकेतस्थळ तेवढे सवयीचे. सोलापूरचे कधी उघडलेही नव्हते. भीतभीत उघडले आणि हायसे वाटले. 'निर्देशिका' त्याच रांगेत, अक्षरे मोठी करण्याची खूणही ओळखीची! क्रमांक मिळाला. पहाटेपूर्वी बहीण मुलांसह गावच्या शाळेत सुखरूप पोचली.

हा काही योगायोग नव्हे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'एस-थ्री-वॅस' नावाची एक सामाईक चौकट तयार केली आणि देशातील शेकडो जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर उभी राहिली. बटण, तक्ता, मथळा एकदाच घडवायचा, नीट पारखायचा आणि सर्वांनी वापरायचा. अंधांना पान वाचून दाखवणारी आज्ञावली कुठे अडखळली, तर दुरुस्ती एकाच जागी आणि लाभ सर्वांना. अर्थात चूकही सर्वांघरी जाते. म्हणून पारख कडक हवी.

आपल्याला ही गोष्ट नवी का आहे? आजोबांच्या काळी आमच्याकडे निजामाचे राज्य, जमिनीचे दप्तर उर्दूत. पलीकडे मुंबई इलाखा, तिथले कागद मराठीत. नदीच्या दोन काठांवर सोयरिकी जुळत, कागद जुळत नसत! १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे १९६६ ची जमीन महसूल संहिता साऱ्या राज्याला लागू झाली. आज परंड्याचा सातबारा वाचणाऱ्याला माढ्याचा वाचण्यासाठी वेगळी शिकवणी लागत नाही.

पण वाचकहो, साचा चांगला म्हणून आतला मालही ताजा असतो असे नाही. एकदा एका कचेरीच्या देखण्या पानावरून मी फोन लावला, तर केव्हाच बदली होऊन गेलेले साहेब बोलू लागले! नमुना माणसाला न चुकता दारापर्यंत नेतो. आत दिवा तेवत ठेवणे मात्र घरच्या माणसांचे काम.

यंदा भाऊबिजेला बहिणीने ओवाळले, तेव्हा ओसरीच्या भिंतीवर पुराची ओल अजून दिसत होती. शेजारी खडूने ठळक लिहिलेला तो क्रमांक तिने अद्याप पुसलेला नाही.