गोळ्यांचं दुकान काढायचंय? आधी वही काढा!

मित्रांनो, आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी लेक्चर बोअर झाल्यावर शेवटच्या बाकावर बसून एक स्वप्न पाहिलेलं असतं - "नोकरीबिकरी काही नको, सरळ एक दुकान टाकू." काहींचं वडापावचं असतं, काहींचं चहाचं. माझ्या मावशीचं गोळ्या-बिस्किटांचं होतं. फरक एवढाच, की आपलं स्वप्न पुढच्या लेक्चरला विरून जातं आणि मावशीला ते खरोखरच काढावं लागलं. काकांची कंपनी बंद पडली, मुलगी दहावीला, आणि हातात साठवलेले साठ हजार रुपये. हे साठ हजार बुडाले तर पुढे काही नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मी इंजिनीअरिंगला, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी सर्वज्ञ! "अरे, तू एवढा शिकतोस, जरा आकडेमोड करून दे की," असं मावशी म्हणाली आणि मी सुट्टीत वही-पेन घेऊन चिपळूणला गेलो. तिथे जे शिकलो ते इथे मांडतोय. गोळ्या-चॉकलेटच काय, कुठलंही छोटं दुकान काढणाऱ्याला उपयोगी पडेल.

शाळेसमोरचा 'सोन्यासारखा' गाळा

आमच्या समोर एक गाळा होता. प्राथमिक शाळेच्या अगदी फाटकासमोर. भाडं महिना ४,०००, डिपॉझिट १५,०००. जो तो म्हणत होता, "घेऊन टाका, पोरं तुटून पडतील." मलाही तसंच वाटलं. पण आधी हिशेब करू म्हटलं.

दरमहा खर्च असा : भाडं ४,०००, वीज ६००, माल आणायचं रिक्षाभाडं आणि हमाली ९००, खराब होणारा माल ५००. एकूण ६,०००. घर चालवायला मावशीला किमान ६,००० सुटायला हवेत. म्हणजे महिन्याला १२,००० रुपये नफ्यातून निघाले पाहिजेत.

आता गोळ्या-बिस्किटांवर दुकानदाराला काय सुटतं? ठोक बाजारात फिरून आम्ही सरासरी १५ टक्के धरलं. १२,००० भागिले ०.१५ म्हणजे ८०,००० रुपयांची विक्री. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज सुमारे ३,०७७ रुपये. रुपयाला एक या भावाने रोज तीन हजार गोळ्या! अख्ख्या शाळेने वर्ग सोडून दिवसभर गोळ्याच चघळल्या तरी हा आकडा गाठता आला नसता.

हा झाला ब्रेक-ईव्हन. आपण तो परीक्षेत चार मार्कांसाठी पाठ करतो. मावशीला एकदाच सांगितला आणि तिला तो पक्का समजला, कारण पैसे तिचे होते.

कोपऱ्यावर उभं राहून मोजा

कागदावर विक्री किती हवी ते कळलं. प्रत्यक्षात किती होईल? त्यासाठी सर्व्हे. सहा दिवस मी आणि मावसबहीण सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ उभे राहिलो. ती गाळ्यासमोर, मी मावशीच्या घरासमोर. जाणाऱ्या प्रत्येकामागे वहीत एक रेघ. लोकांना वाटलं नगरपालिकेची माणसं आली!

गाळ्यासमोरून रोज साधारण ५५० माणसं जात होती, घरासमोरून ४००. पाचातला एक गिऱ्हाईक होईल असं धरलं. गाळ्यावर ११०, घरी ८०. दुसऱ्या एका दुकानाशी थांबून पाहिलं तर एकेक गिऱ्हाईक सरासरी ८ रुपयांचा खाऊ घेत होतं. म्हणजे गाळ्यावर रोजची विक्री ८८०, महिन्याची २२,८८०, त्यावर १५ टक्के म्हणजे ३,४३२ रुपये. खर्च ६,०००. मावशीला सुटणं राहिलं बाजूला, दर महिन्याला अडीच हजार खिशातून घालावे लागले असते.

त्यात आणखी एक गोष्ट कळली. शाळेतल्या मुलांच्या खाण्याविषयी एफएसएसएआयचे २०२० चे नियम आहेत. चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. गाळा फाटकापासून वीस पावलांवर! म्हणजे ज्या गोष्टीसाठी सगळे गाळा 'सोन्यासारखा' म्हणत होते, तीच नियमात बसत नव्हती. गाळा रद्द. डिपॉझिटचे १५,००० वाचले.

पडवीतलं दुकान

मग काय करायचं? नफा वाढवायचे मार्ग तीनच - खर्च कमी करा, प्रत्येक गिऱ्हाइकाची खरेदी वाढवा, किंवा जास्त सुटणारा माल ठेवा. आम्ही तिन्ही केले.

पहिलं, दुकान घराच्या पडवीत. भाडं शून्य, मासिक खर्च २,००० वर आला. शाळेपासूनचं अंतर टेपने मोजलं, १२० मीटर भरलं. (सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलचा आयुष्यात पहिल्यांदा झालेला उपयोग!)

दुसरं आणि तिसरं एकत्रच साधलं. मावशीच्या हाताला चव आहे. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणा चिक्की, आल्याच्या वड्या, खोबऱ्याच्या वड्या आणि मे महिन्यात घातलेल्या आंबापोळीचे छोटे तुकडे. साहित्य, गॅस, पिशव्या सगळं वजा जाता यावर ३५ टक्के सुटतात. शिवाय हा माल मोठी माणसंही घेतात आणि ती आठ रुपयांवर थांबत नाहीत. निम्मी विक्री घरच्या मालाची धरली तर सरासरी नफा २५ टक्के. ८० गिऱ्हाइकं, प्रत्येकी १५ रुपये, रोजचे १,२००. त्याचे २५ टक्के ३००, महिन्याचे ७,८००. खर्च वजा जाता ५,८००. घर चालवण्याच्या आकड्याला अगदी टेकलो! तेव्हाच मावशी म्हणाली, "आता काढू या."

भांडवल असं वाटलं : जुना काउंटर आणि फळ्या १४,०००, बरण्या ३,०००, पहिला माल १२,०००, पाटी-दिवा-वजनकाटा-नोंदणी ४,०००. झाले ३३,०००. १२,००० दुकानासाठी राखीव ठेवले आणि उरलेल्या १५,००० ला हातच लावायचा नाही असं ठरलं. सगळे पैसे मालात घालू नका, हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

कागदपत्रं : वाटतं तेवढी कठीण नाहीत

१) खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या किंवा बनवणाऱ्या छोट्यातल्या छोट्या दुकानालाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. मावशीने विक्री आणि बनवणं दोन्ही लिहिलं, नाहीतर घरच्या चिक्कीचं काय?

२) २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने कायद्यामुळे एकट्यादुकट्याने चालवायच्या दुकानाला मोठं लायसन्स लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं.

३) जीएसटीची नोंदणी माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीनंतर. आमची पावणेचार लाखांची, त्यामुळे प्रश्न नाही. पण दरावर लक्ष ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेट, बिस्किटं आणि साखरेच्या गोळ्या ५ टक्क्यांत आल्या. त्याआधी चॉकलेट-बिस्किटांवर १८ टक्के होते. अशा वेळी जुना माल भरून ठेवलेला असला की पंचाईत होते.

४) छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही. 'थंड करण्याचे दोन रुपये' वगैरे काही नसतं.

५) प्लॅस्टिकची काडी असलेल्या गोळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कोणी स्वस्तात खोका देऊ केला तर घेऊ नका.

पुस्तकातलं सूत्र आणि कोकणातला पाऊस

आता माझी फजिती. एका वेळी किती माल आणावा यासाठी आपल्याला इंडस्ट्रियल इंजिनीअरिंगला ई.ओ.क्यू.चं सूत्र आहे - दोन गुणिले वर्षाची मागणी गुणिले एका खेपेचा खर्च, भागिले माल सांभाळण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. गोळ्यांची वर्षाची खरेदी ६०,०००, एका खेपेचा खर्च ६०, सांभाळण्याचा खर्च २० टक्के. उत्तर आलं ६,००० रुपये, म्हणजे ३६ दिवसांचा माल एकदम. मी ऐटीत सांगितलं. मावशी हसली. "छत्तीस दिवस? अरे, जुलैत गोळीचा लगदा होईल!"

आणि ते खरं आहे. लिमलेटसारखी कडक गोळी म्हणजे शास्त्राच्या भाषेत काच. साखर आणि लिक्विड ग्लुकोज साधारण १५० अंशांपर्यंत उकळतात, पाणी दोन-तीन टक्क्यांवर आणतात आणि पाक थंड करतात. स्फटिक व्हायला वेळच न मिळाल्याने कण अस्ताव्यस्त गोठतात, म्हणून गोळी पारदर्शक दिसते. पण ही काच हवेतलं पाणी ओढते. वरच्या थरात पाणी शिरलं की तो मऊ पडतो, चिकट होतो, कागद सुटत नाही. उलट उन्हाळ्यात चॉकलेटची पंचाईत. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. वितळून पुन्हा गोठलं की वर पांढरट थर येतो. ते खराब नसतं, पण गिऱ्हाईक 'बुरशी' म्हणून परत करतं.

म्हणून पावसाळ्यात आठ दिवसांचाच माल, घट्ट झाकणाच्या छोट्या बरण्या, आणि मोठी बरणी पुन्हा पुन्हा उघडायची नाही. चॉकलेट एप्रिल-मेमध्ये जवळजवळ बंद. आधी आलेला माल आधी विकायचा, त्यासाठी प्रत्येक बरणीवर तारखेची चिठ्ठी. आणि जास्तीचा साठा माळ्यावर! २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकराला हे सांगावं लागत नाही.

सूत्र चुकीचं नव्हतं. त्यात माल नासतो हे मी धरलंच नव्हतं.

'पुड्या' ठेवायच्या का?

ठोक दुकानदाराने पहिल्याच दिवशी सल्ला दिला, "वहिनी, गोळ्यांवर दुकान चालत नाही. तंबाखूच्या पुड्या ठेवा, त्यावर सगळं निघतं." कायदा असा, की २००३ च्या तंबाखू कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, विक्री बंद. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ पासूनच बंद आहे. आमचं घर १२० मीटरवर, म्हणजे साधा तंबाखू मोठ्यांना विकायला कायद्याची आडकाठी नव्हती.

मी हिशेब करून पाहिला. महिन्याला हजार-दीड हजार जास्त सुटले असते. त्या वेळी घरात हजार रुपये म्हणजे थट्टा नव्हती. मावशीने वही मिटली. म्हणाली, "ज्या बरणीतून पोराला लाडू देते, तिच्याशेजारी पुडी टांगायची नाही मला." विषय संपला. पुढे लक्षात आलं, की आया लहान मुलांना एकट्याने या दुकानात पाठवतात. ती गिऱ्हाइकं कुठल्या सर्व्हेत मोजलेली नव्हती.

सुरुवात आणि नंतर

२०२५ च्या अक्षय्य तृतीयेला नारळ फोडला. त्याआधी दहा दिवस पाटी न लावता 'ट्रायल' घेतली. कुठली बरणी हाताशी हवी, सुट्टे किती लागतात, हे त्यात कळलं. पहिल्या दिवशी आळीतल्या पन्नास मुलांना राजगिऱ्याचा एकेक लाडू फुकट. जाहिरातीचा खर्च तेवढाच.

काही नियम मावशीने स्वतः केले. सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी ठेवायची नाही. मोठ्यांसाठी क्यूआर कोड, मुलांसाठी नाण्यांचा डबा. उधारी एका घराला २०० रुपयांपर्यंत आणि वहीत त्यांच्यासमोर लिहून. एखादं पोर दिवसात तिसऱ्यांदा गोळीला आलं तर "आता उद्या!" म्हणून घरी पाठवायचं. धंद्याच्या दृष्टीने हे चूक असेल, पण दात त्याचे किडतात आणि बोलणी मावशीला बसतात!

आकडे लपवत नाही. मे महिन्यात चाकरमानी आले होते, ६,४०० सुटले. जुलैत पावसाने रस्ता ओस, फक्त २,७००. तेव्हा राखीव १२,००० नसते तर दुकान तिथेच बंद झालं असतं. गणपतीत आंबापोळी आणि खोबऱ्याच्या वड्यांनी ८,००० पर्यंत नेलं. पहिल्या आठ महिन्यांची सरासरी ५,१०० आली. ठरवलेल्या ५,८०० पेक्षा कमी, पण काकांना छोटं काम लागेपर्यंत घर त्यावर तरलं आणि बहिणीचा क्लास सुटला नाही.

तेव्हा मित्रांनो, दुकानाचं स्वप्न जरूर पाहा. फक्त आधी सहा दिवस कोपऱ्यावर उभं राहून माणसं मोजा, खर्च लिहा, भागाकार करा आणि थोडे पैसे बाजूला ठेवा. आणि चिपळूणला आलात तर माझं नाव सांगा. लाडू फुकट मिळणार नाही, पण दोन गोष्टी नक्की ऐकायला मिळतील!